गिअरची सायकल: घेण्याआधी आणि घेतल्यानंतरचे तीन महिने

हौसेने घेतलेली गिअरची सायकल दोन महिन्यांत बाल्कनीत टॉवेल वाळत घालायच्या कामी येते. दम कमी पडला म्हणून असं झालं, असं लोक म्हणतात, पण बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं. बूड दुखतं, हात बधिर होतात, गुडघा कुरकुरायला लागतो आणि पहिलं पंक्चर घरापासून वीस किलोमीटरवर होतं. या चारही दुखण्यांना उपाय आहेत आणि सायकल किती महागाची आहे याच्याशी त्यांचा फारसा संबंध नाही. म्हणून बजेट ठरलं की आधी त्याचा पाचवा हिस्सा बाजूला काढा. चाळीस हजार असतील तर सायकल बत्तीस हजारांपर्यंतचीच बघा. उरलेले आठ हजार हेल्मेट, पॅडेड शॉर्ट्स, दिवे, पंप आणि जादा ट्यूबवर जातील. तुम्ही सायकल चालवत राहणार की नाही, हे या आठ हजारांवर जास्त ठरतं.

कोणती घ्यायची

दुकानात सहसा पहिल्यांदा एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांसाठीची माउंटन बाइक, दाखवतात. रुंद खाचांचे टायर, पुढे शॉकअप, दिसायला दणकट. डांबरी रस्त्यासाठी ती घेऊ नका. स्वस्त एमटीबीचा शॉकअप धक्के फारसे खात नाही, वजन मात्र वाढवतो आणि चढावर उभं राहून पॅडल मारलं की बराचसा जोर शॉकअप दाबण्यात जातो. उरतात दोन प्रकार. हायब्रिडला सरळ हँडल आणि ३२ ते ३८ मिमीचे टायर असतात, त्यावर बसण्याची ढब बऱ्यापैकी ताठ राहते. रोड बाइकला खाली वळलेलं ड्रॉप हँडल आणि २५ ते ३२ मिमीचे टायर असतात. ऑफिसला जाणं, भाजी आणणं आणि रविवारी वीस-पंचवीस किलोमीटर एवढाच बेत असेल तर हायब्रिड उत्तम. पन्नासच्या पुढे जायची इच्छा आत्ताच मनात असेल तर सरळ रोड बाइक घ्या. ड्रॉप हँडलची भीती आठवडाभरात जाते. लांबच्या रस्त्यावर हात ठेवायला तीन जागा मिळतात, हा त्याचा खरा फायदा आहे.

रोड बाइक घेताना रंगाच्या आधी दातांचा आकडा विचारा. पुढच्या दोन चेनरिंगना (पॅडलजवळच्या दातेरी चक्रांना) ५० आणि ३४ दात, मागच्या कॅसेटमध्ये (मागच्या चाकावरच्या चक्रांच्या संचात) सर्वांत मोठ्या चक्राला ३२ किंवा ३४ दात, अशी जोडी नवख्याला हवी. पुढे ३४ आणि मागे ३२ असताना पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे सव्वादोन मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी आठ किलोमीटर, म्हणजे पुण्याजवळच्या बोपदेव घाटात न उतरता वर पोहोचण्याचा वेग. मागे २५ दातांचंच मोठं चक्र असेल तर त्याच साठ फेऱ्यांना दहाच्या वर वेग ठेवावा लागतो. नव्या पायांना तो झेपत नाही आणि गुडघ्यावर ताण येतो. गिअरचा संच शिमानो क्लॅरिस (मागे ८), सोरा (९) किंवा टियाग्रा (१०) यांपैकी कोणताही चालेल. मागच्या चक्रांची संख्या वाढली की दोन गिअरमधली पायरी लहान होते, एवढंच. कार्बन फ्रेमचा विचार आत्ता नको. फ्रेममध्ये २८ मिमीचा तरी टायर बसतो का, हे मात्र नक्की बघा, कारण आपल्या रस्त्यांवर २३ मिमीचे टायर म्हणजे विनाकारण सोसलेली शिक्षा.

साइझच्या बाबतीत भिडस्तपणा करू नका. दुकानात एकच साइझ शिल्लक असते आणि ‘सीट खाली करून देतो’ असं ऐकायला मिळतं. सीट खाली-वर होते, पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर फ्रेमनं ठरवलेलं असतं. ते जास्त असेल तर खांदे आणि मान दुखत राहणार. साडेपाच फूट ते पाच फूट आठ इंच उंचीला साधारण ५२ ते ५४ सेंटीमीटरची फ्रेम लागते, पण कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून त्या-त्या मॉडेलचा तक्ता बघा. फ्रेमची आडवी नळी दोन पायांमध्ये घेऊन, दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभं राहिल्यावर नळीच्या वर दोन-तीन सेंटीमीटर मोकळे हवेत.

सीटची उंची, आणि बाकीची दुखणी

भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा. एक जाडसर पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून सीटवर बसल्यासारखं वर दाबा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेची भिंतीवर खूण करा. जमिनीपासून खुणेपर्यंतचं अंतर गुणिले ०.८८३ म्हणजे क्रँकच्या (पॅडलचे दांडे जिथे फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची. अंतर ८० सेंटीमीटर भरलं तर सीट ७०.६ वर. नंतर सायकलवर बसून ताडून बघा: पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. चालवताना आपण चवडा ठेवतो, त्यामुळे गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो.

एवढी उंची नवख्यांना भीतिदायक वाटते, कारण सीटवर बसून पाय जमिनीला टेकत नाहीत. ते टेकायचे नसतातच. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं आणि एक पाय खाली ठेवायचा. मैदानात दहा-वीस वेळा करून बघितलं की हे अंगवळणी पडतं. पाय टेकावेत म्हणून सीट खाली ठेवणाऱ्यांचा गुडघा पुढच्या बाजूने दुखतो. गुडघ्यामागे ओढ बसत असेल किंवा पॅडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट जास्त वर आहे. बदल एका वेळी पाच मिलिमीटरचाच करा, दोन राईड बघा, मग पुढचा. नेमकी उंची सापडली की सीटपोस्टवर इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारून ठेवा.

सीटचं टोक पातळीत हवं. बूड दुखतं म्हणून पुष्कळ जण टोक खाली झुकवतात. मग अंग पुढे घसरतं, सगळा भार तळहातांवर येतो आणि करंगळीच्या बाजूची बोटं बधिर होतात. हातांना मुंग्या येत असतील तर आधी सीटचा तिरकेपणा बघा, मग कोपर थोडे वाकवून धरता का ते बघा, आणि तरीही फरक नसेल तर दुकानातून स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) एक सेंटीमीटरने आखूड करून घ्या. जेलची जाड गादी बसवणं हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे. गादी दबली की नाजूक भागावर दाब वाढतो, बसायच्या हाडांना आधार मिळत नाही. त्यापेक्षा सीटची रुंदी मोजून घ्या. पन्हळी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर टणक स्टुलावर पुढे वाकून बसा. उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांमधल्या अंतरात दोन ते अडीच सेंटीमीटर मिळवले की हवी ती रुंदी मिळते. बायकांमध्ये हे अंतर सहसा जास्त असतं, आणि दुकानातल्या सायकलवर आलेली सीट बहुधा पुरुषांच्या मापाची असते. बाईने सायकल घेताना सीट बदलण्याचा खर्च धरूनच चालावं.

पॅडेड शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालायचं नाही. चड्डीच्या शिवणीच घासतात आणि पॅड लावण्याचा हेतूच जातो. लाज वाटत असेल तर वरून सैल बर्मुडा घाला. दीड तासापेक्षा लांब जाताना जांघेत पेट्रोलियम जेली लावा आणि घरी आल्यावर शॉर्ट्स लगेच काढून धुवा. ओल्या पॅडमध्ये बसून गप्पा मारत चहा घेतला तर पुरळ येणारच. पहिले तीन-चार आठवडे थोडं दुखणं मात्र सगळ्यांनाच आहे.

हवा

नव्या सायकलस्वाराची पुष्कळ पंक्चरं कमी हवेमुळे होतात. रोडचे टायर अरुंद असल्याने आठवड्यात बरीच हवा आपोआप उतरते, म्हणून दर राईडच्या आधी, निदान आठवड्यातून दोनदा, प्रेशर बघा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरावी असं त्याचं सांगणं नसतं. सत्तर किलोच्या माणसासाठी ढोबळ आकडे असे: २५ मिमीला ८५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंपाच्या मीटरवर असतं), २८ला ७० ते ७५, ३२ला ५५ ते ६०, हायब्रिडच्या ३५ला ५० च्या आसपास. वजन दहा किलोंनी जास्त असेल तर पाच पीएसआय वाढवा, कमी असेल तर तेवढेच घटवा. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा तीन-चार जास्त.

घरी मीटरवाला उभा पंप हवाच. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने ही बारीक ट्यूब दोन सेकंदांत फुगून फुटू शकते. शिवाय रोड बाइकला बहुधा प्रेस्टा नावाचा बारीक वॉल्व्ह असतो, त्यावर मोटारसायकलचा नोझल बसत नाही. सायकलच्या दुकानात पितळी ॲडॅप्टर किरकोळ किमतीत मिळतो, तो वॉल्व्हवरच लावून ठेवा. प्रेस्टात हवा भरण्याआधी टोकाची बारीक चकती सैल करावी लागते, हे ठाऊक नसल्यामुळे पंप खराब आहे असं समजून परत करणारेही असतात.

गिअर आणि पाय

डाव्या हाताला पुढच्या चेनरिंग, उजव्या हाताला मागची कॅसेट. पहिले दोन आठवडे पुढे लहान चेनरिंगच ठेवा आणि फक्त उजवा हात वापरा. लहान चेनरिंग आणि मागचं सर्वांत लहान चक्र, किंवा मोठी चेनरिंग आणि मागचं सर्वांत मोठं चक्र, अशा जोड्या टाळा. त्यात चेन तिरकी पडते, घासते आणि लवकर झिजते.

गिअर बदलताना पाय फिरते हवेत, पण जोर कमी. चढ सुरू झाल्यावर, पायात गोळे येत असताना, पूर्ण ताकदीनिशी पॅडल दाबत गिअर टाकला तर कडकड आवाज होतो आणि कधी चेन निसटते. वळणापलीकडे चढ दिसतोय तेव्हाच, म्हणजे गरज पडण्याच्या दहा सेकंद आधी, गिअर हलका करा. सिग्नलला थांबतानाही तसंच: थांबण्याआधी दोन गिअर हलके.

जड गिअर टाकून सावकाश दाबत राहण्याची खोड साध्या सायकलीवरून आलेली असते. त्यात मांड्या लवकर भरतात. हलका गिअर, वेगाने फिरणारे पाय. उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा आणि चारने गुणा. सुरुवातीला ५५-६० भरतील, तीन महिन्यांत सपाटीवर ८० ते ९० जमायला हवेत. क्लिपचे, म्हणजे बूट पॅडलला अडकवणारे, बूट-पॅडल तोवर राहू द्या, साधं सपाट पॅडल आणि टणक तळाचा बूट पुरतो.

रस्त्यावर

ब्रेकचा उजवा दांडा पुढचा की मागचा, हे निघण्याआधी चाक उचलून बघा, प्रत्येक सायकलला सारखं नसतं. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, कारण ब्रेक लागला की वजन पुढे जातं. फक्त मागचा दाबला तर चाक घसरतं आणि सायकल लवकर थांबत नाही. दोन्ही एकत्र दाबा, बूड मागे सरकवा, हात ताठ ठेवा. घाट उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका, दाबा-सोडा करत वळणाआधी वेग कमी करा आणि वळणात ब्रेक सोडा. आतल्या बाजूचं पॅडल वर. घाटातल्या वळणांवर ट्रकचं डिझेल सांडलेलं असतं. पावसाळ्यात तिथेच शेवाळ येतं.

डाव्या कडेला चिकटून जाणं सुरक्षित वाटतं, पण नसतं. तिथे काचा, वाळू, खचलेली साइडपट्टी आणि उघडणारी गाडीची दारं असतात. कडेपासून दोन-अडीच फूट आत, सरळ रेषेत चालवा. खड्डा चुकवायला अचानक उजवीकडे झेप घेणं हे अपघाताचं नेहमीचं कारण आहे. मागे बघा, हात दाखवा, मग सरका. जमलं नाही तर सीटवरून किंचित उठून, हात-गुडघे सैल ठेवून खड्ड्यातून जा. रेल्वेचे रूळ काटकोनातच ओलांडा. मागचा लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेवा. ऊस तोडणीच्या हंगामात संध्याकाळनंतर ग्रामीण रस्त्यांवर जाऊ नका, विनादिव्याच्या ट्रॉल्या समोर येईपर्यंत दिसत नाहीत.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, पट्ट्यांचा इंग्रजी ‘व्ही’ कानाच्या खाली, हनुवटीच्या पट्ट्यात एक-दोन बोटं जातील एवढी सैल. डोक्यावर मागे कललेलं हेल्मेट कपाळ वाचवत नाही.

जागेचं म्हणाल तर पुण्यात खडकवासल्याचा रस्ता सकाळी सहाच्या आत बरा, रविवारी सातनंतर तिथे सायकलवाल्याने जाऊ नये. नाशिकला गंगापूर धरणाची बाजू, नवी मुंबईत पाम बीच रोड पहाटे. कोल्हापूरकरांनी पन्हाळा दुसऱ्या महिन्यानंतर. सिंहगड मात्र पहिल्या तीन महिन्यांत करू नये: पायथ्यापासून नऊएक किलोमीटरचा चढ आणि शेवटचे टप्पे भलतेच उभे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सायकलला बंदी आहे. मुंबईहून लोणावळ्याकडे जुना महामार्गच धरावा लागतो.

किती आणि किती वेळा

आठवड्यात तीन दिवस. पहिले दोन आठवडे दहा-बारा किलोमीटर सपाट रस्त्यावर, वेग न बघता. तिसऱ्या-चौथ्यात पंधरा ते वीस. त्यानंतर दोन राईड तेवढ्याच ठेवा आणि रविवारची लांब राईड दर आठवड्याला पाच किलोमीटरने वाढवा. दर चौथ्या आठवड्याला ती वाढवायची नाही, उलट कमी करायची. सातव्या आठवड्याला तीस-पस्तीस आणि अकराव्याला पंचेचाळीस-पन्नास सहज होतात. बोलता येईल एवढ्याच दमात चालवा. शेजाऱ्याला पूर्ण वाक्य सांगता येत नसेल तर वेग जास्त आहे. ग्रुपमध्ये सामील झालात की पहिल्याच रविवारी पट्टीच्या सायकलस्वारांमागे लागण्याचा मोह होतो. मग सोमवारी गुडघा धरून बसायचं आणि पुढचे दोन आठवडे सुट्टी.

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि तहान लागण्याची वाट न बघता दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. दोन बाटल्यांपैकी एकीत ओआरएस. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर एक लिटरच पाणी घाला. दाट केलं तर पोट बिघडतं. दीड तासाच्या आतल्या राईडला निघताना खाल्लेलं पुरतं. त्यापुढे ताशी तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं लागतात: मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम, दोन-तीन खजुरांत साधारण तेवढीच. राजगिऱ्याची वडी खिशात चुरा होते, शेंगदाण्याची चिक्की टिकते पण तिच्यात तेल जास्त, सावकाश पचते. मिसळ परतल्यावर.

पंक्चर

सीटखालच्या पिशवीत आपल्या मापाची एक ट्यूब, प्लास्टिकचे दोन टायर लिव्हर (टायरची कड उचकटायच्या पट्ट्या), पॅच, ॲलन कीचा जुडगा आणि फ्रेमला छोटा पंप. रस्त्यात पॅच मारत बसू नका, ट्यूब बदला आणि जुनीला घरी पॅच मारा. घरी बसून दोनदा सराव करून ठेवा, मागच्या चाकाचा.

मागचं चाक काढण्याआधी चेन सर्वांत लहान चक्रावर आणा. रिम ब्रेक (चाकाची कड धरणारा) असेल तर त्याची कळ उघडा. डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्यावरची तबकडी धरणारा) असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकचा दांडा दाबू नका, पॅड मिटून बसतात. हवा पूर्ण सोडा, वॉल्व्हची तळाची चकती काढा. वॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून टायरची कड सगळीकडून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत या. यामुळे टायर सैल होतो आणि लिव्हरला जोर लागत नाही. एक लिव्हर घाला, दुसरा चार बोटांवर, आणि एकच कड बाहेर काढा. ट्यूब ओढताना ती कोणत्या बाजूने होती हे लक्षात ठेवा.

आता घाई करू नका. नवी ट्यूब घातल्यावर पाच मिनिटांत पुन्हा पंक्चर होऊन बसणारे सगळे इथेच चुकतात. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून भोक शोधा आणि ट्यूब टायरला लावून बघा, म्हणजे टायरवरची नेमकी जागा कळते. टायरच्या आतून बोटं किंवा फडकं हळू फिरवा. बाभळीचा काटा सापडतो, नाहीतर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसासारखी तार, जी डोळ्यांना दिसत नाही पण बोटाला टोचते. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर टोचलेलं काही नाही, कमी हवेत खड्ड्याच्या कडेवर ट्यूब चिमटली आहे. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे, ती बसवल्याशिवाय नवी ट्यूबही जाणार. वॉल्व्हच्या बुडाशी फाटली असेल तर पंप मारताना वॉल्व्ह हलवला गेला.

नव्या ट्यूबला आकार येईल एवढीच हवा भरा, वॉल्व्ह भोकात घाला, ट्यूब आत बसवा. टायरची कड वॉल्व्हच्या समोरून सुरू करून शेवट वॉल्व्हपाशी करा, आणि अंगठ्यांनीच. लिव्हरने चढवलं की नवी ट्यूब चिरते. पूर्ण फेरा बघून ट्यूब कुठे कडेखाली अडकली नाही ना ते तपासा, वॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढा, मग हवा. छोट्या पंपाने दोनशेच्या आसपास झटके मारून पन्नास-साठ पीएसआय होते, घरी पोहोचायला पुरेशी. सोळा ग्रॅमचं कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर काही सेकंदांत टायर टणक करतं, पण तो वायू रबरातून लवकर झिरपतो. दुसऱ्या दिवशी साधी हवा भरा. शेवटी चाकाची कळ एवढी घट्ट हवी की तळहातावर तिचा ठसा उमटावा, आणि उघडलेला ब्रेक परत बंद करायचा.

देखभाल

दर दीडशे-दोनशे किलोमीटरनंतर, आणि भिजली तर त्याच दिवशी, चेन फडक्याने पुसा. प्रत्येक कडीवर सायकलच्या चेनच्या तेलाचा एक थेंब, दहा मिनिटं थांबा, मग बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. धूळ बाहेरच्या तेलाला चिकटते. डब्ल्यूडी-४० हे चेनचं तेल नव्हे. शिलाई मशीनचं तेलही पहिल्या पावसात धुऊन जातं. चेन मोजायचं माप घेऊन ठेवा: ०.७५ टक्के ताण दिसला की बदला. उशीर केला तर कॅसेटही बदलावी लागते आणि ती चेनपेक्षा बरीच महाग. पावसाळ्यात रिम ब्रेक असेल तर चाकाचे पहिले काही फेरे फक्त पाणी पुसण्यात जातात, म्हणून दुप्पट आधी दाबा. रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले असताना त्यावर वळू नका.

साठ किलोमीटर आरामात होऊ लागले की बहुतेकांची नजर बीआरएम या लांब पल्ल्याच्या राईडकडे वळते. ही शर्यत नाही, ठरावीक वेळेत अंतर पुरं करायचं असतं: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. साडेतेरा तासांत चहा, जेवण, पंक्चर सगळं आलं, म्हणजे सरासरी ताशी पंधराच्या आत. भारतात या राईड ऑडॅक्स इंडिया रँडोनर्सच्या छत्राखाली शहराशहरांतले क्लब घेतात. २०० साठी आधी एकदा तरी १२० ते १३० किलोमीटर केलेले असावेत. पुढे-मागे दिवे आणि चमकणारं जॅकेट लागतं, आणि वाटेत कुणी गाडीतून पाणी द्यायला येऊ शकत नाही. मदत घ्यायची ती ठरलेल्या कंट्रोलवरच, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या थांब्यावरच.